हायड्रोजनच्या समितीवर वर्णी लागलेल्यांस चार हिताच्या गोष्टी

सर्वप्रथम अभिनंदन. हायड्रोजन आणि त्यापासून वीज करणारं यंत्र म्हणजे फ्युएल सेल, यांच्या संशोधनाची राष्ट्रीय दिशा ठरवणाऱ्या समितीवर तुमची वर्णी लागल्याचं कळलं. रसायनशास्त्राची आणि तुमची गाठ नववीनंतर पडलेली नाही, याची खंत बाळगू नका. ज्यांना त्यातलं कळतं ते बैठकीत फार वेळ खातात.

नववीतलं एवढं आठवत असेल. परीक्षानळीत जस्ताचा तुकडा, वर सरांनी जपून ओतलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, भराभरा येणारे बुडबुडे, नळीच्या तोंडावर दाबून धरलेला अंगठा. मग पेटती काडी जवळ नेली की “पॉक्!” मागच्या बाकावरची पोरं एका उडीत पुढे. सर म्हणायचे, “हा हायड्रोजन. लिहून घ्या.” दोन मिनिटांचं काम, खर्च जस्ताचा तुकडा. ती पद्धत आता विसरायची. राष्ट्रीय पातळीवर हायड्रोजन असा एकदम तयार होत नसतो. तिथे आधी मंडळ तयार होतं, मंडळातून सुकाणू गट निघतो, गटातून उपगट निघतात, आणि वायू निघालाच तर सर्वात शेवटी.

मी अशा बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. तेव्हा अनुभवाचे बोल म्हणून ऐका.

पहिलं काम म्हणजे साल निवडणं. तंत्रज्ञान कोणतं, पैसा किती, हे नंतर बघता येतं. आधी साल. ते शून्यावर संपणारं हवं, मंत्रिमहोदयांना भाषणात उच्चारता येईल इतकं जवळ आणि तुमच्या सेवानिवृत्तीच्या सुरक्षित पलीकडे. या दृष्टीने २०२० हे फार गुणी साल होतं. २००३ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ स्थापन झालं, रतन टाटांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने आराखडा केला आणि २००६ मध्ये तो मंजूरही झाला. २०२० पर्यंत रस्त्यावर हायड्रोजनची दहा लाख वाहनं धावणार होती आणि हायड्रोजनपासून १,००० मेगावॉट वीज निघणार होती. वाहनांच्या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘गिफ्ट’ असा शब्द होत होता. काय ती दूरदृष्टी!

मध्यंतरी २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर हायड्रोजनवर चालणाऱ्या पंधरा तीनचाकी आल्या. दहा लाखांतल्या पंधरा. सुरुवात तर झाली होती.

मग २०२० उजाडलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये रस्त्यावर पेट्रोलचीसुद्धा वाहनं नव्हती. त्यामुळे हायड्रोजनची दहा लाख वाहनं दिसत नाहीत, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. असा योग प्रत्येक समितीच्या पत्रिकेत नसतो. तुम्हाला तो मिळेल असं धरून चालू नका.

अमेरिकेकडूनही शिकण्यासारखं आहे. आपलं मंडळ झालं त्याच वर्षी, २००३ च्या जानेवारीत, अध्यक्ष बुश यांनी हायड्रोजन संशोधनासाठी १२० कोटी डॉलर मागितले आणि सांगितलं की आज जन्मलेलं मूल पुढे आपली पहिली गाडी चालवेल, ती हायड्रोजनवरची असू शकेल. बघा, किती हुशारी आहे! आपण साल दिलं, त्यांनी बाळ दिलं. साल उलटलं की कुणीही बोट दाखवतो. बाळाकडे बोट दाखवायचा धीर होत नाही. ते बाळ आता विशी ओलांडून गेलं असेल आणि पेट्रोल भरत असेल. २००९ मध्ये तिथले ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी, स्वतः नोबेलविजेते असल्याने, मोटारींच्या हायड्रोजनवरचा खर्च कापायचं सुचवलं. ज्यांना कळतं त्यांना समितीवर घेऊ नये म्हणतो ते यासाठीच. नशिबाने तिथल्या काँग्रेसने पैसे परत घातले.

साल ठरलं की नाव. गिफ्टनंतर आपल्याकडे ‘साइट’ आली, ती उत्पादन प्रोत्साहनाची. ‘शिप’ आली, ती संशोधनातल्या भागीदारीची. आधी गोड शब्द पकडायचा आणि मग त्यातल्या एकेका अक्षराला अर्थ शोधून द्यायचा. बारशाला आत्याबाई नाव आधी सांगतात, बाळाचे गुण पुढे ठरतात, तसंच.

जुन्या समितीचा अहवाल चांगला निघाला तर मात्र सावध व्हा. २०१२ मध्ये डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली हायड्रोजन आणि फ्युएल सेलसाठी सुकाणू समिती बसली. हे गृहस्थ इस्रोचे माजी प्रमुख. उणे २५३ अंशांवर उकळणारा द्रव हायड्रोजन टाकीत भरून, रॉकेटच्या वरच्या टप्प्यात पेटवून, वर परत मोजमाप मागणारी ती माणसं. समितीने उपसमित्या केल्या, विषयवार अहवाल लिहिले, ते २०१६ मध्ये आले. उत्पादन, साठवण, वाहतूक, फ्युएल सेल, सगळं तपशिलाने. अशा अहवालावर एकच उपाय असतो: नव्या नावाची नवी योजना. २०२१ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय हायड्रोजन मिशनची घोषणा झाली. ४ जानेवारी २०२३ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तोवर नावात ‘हरित’ आलेलं होतं.

रंगांचा विषय निघालाच आहे तर ऐका. हायड्रोजन रंगहीन, गंधहीन, चवहीन असतो, हे तुम्ही पाठ केलं होतं. नियोजनात हाच त्याचा मोठा गुण, कारण आपण म्हणू तो रंग त्याला लागतो. नैसर्गिक वायूपासून काढला तर करडा, त्यातला कार्बन पकडून पुरला तर निळा, सौर-पवन विजेने पाण्याचं विघटन करून काढला तर हिरवा, अणुऊर्जेचा गुलाबी. नवरात्रात पेपरात नऊ रंगांची यादी येते आणि ऑफिसातल्या बायका त्या-त्या दिवशी त्या रंगाची साडी नेसून येतात ना, तसं चाललंय. आपल्या खतकारखान्यांत आणि तेलशुद्धीकरणात वर्षाला साधारण ५० लाख टन हायड्रोजन लागतो, तो जवळपास सगळा करडा. मिशनचं २०३० चं उद्दिष्टही ५० लाख टनच, पण हिरवा. हिरवा म्हणजे काय, याची व्याख्या ऑगस्ट २०२३ मध्ये झाली: किलोमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइडपर्यंत चालेल, तेही वर्षभराची सरासरी धरून. हे दोन किलो युरोपच्या मर्यादेपेक्षा कडक आहेत, हे कबूल करतो. तेवढं खरं बोलू द्या, सवय मोडते नाहीतर.

आता पैसा. इथे जरा सावकाश वाचा.

मिशनची एकूण रक्कम १९,७४४ कोटी रुपये. त्यातले १७,४९० कोटी ‘साइट’चे. म्हणजे जो इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाण्याचं विघटन करणारं यंत्र, बनवेल आणि जो हिरवा हायड्रोजन तयार करेल त्याला प्रोत्साहन. १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांना. ३८८ कोटी किरकोळ. आणि संशोधन व विकासाला ४०० कोटी. भागाकार करायला कॅल्क्युलेटर नको, रुपयाला दोन पैसे. ज्या गोष्टी अजून कशा करायच्या हे शोधायचं आहे त्यांना दोन पैसे, आणि त्या आधीच सापडल्या आहेत असं समजून त्यांचं उत्पादन वाढवायला बाकीचे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण कुणी बैठकीत काढली तर तिला ‘मागणी-निर्मितीचा दृष्टिकोन’ म्हणायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं.

चारशे कोटी म्हणजे नेमके किती, हे तुम्हाला पटकन कळावं म्हणून रेल्वेचं माप देतो. ‘हायड्रोजन फॉर हेरिटेज’ या योजनेत ३५ हायड्रोजन गाड्या धरल्या होत्या, एका गाडीचा अंदाज ८० कोटी. म्हणजे अख्ख्या देशाचं हायड्रोजन संशोधन बरोब्बर पाच गाड्यांत बसतं. त्या योजनेच्या वारसामार्गांत आपल्या माथेरानचंही नाव होतं. १९०७ सालची ती नेरळची गाडी घाट चढताना अजूनही धापा टाकते. ती हायड्रोजनवर गेली तर निदान धापेतून धुराऐवजी पाण्याची वाफ निघेल. वर माणूस घोड्यावर बसेल, खाली भविष्यकाळावर. कल्पना मला आवडली होती, खोटं कशाला सांगू.

प्रोत्साहनाने काहीच होत नाही असंही नाही. २०२५ मध्ये हिरव्या हायड्रोजनपासून करायच्या हिरव्या अमोनियाच्या लिलावात किलोला पंचावन्न रुपयांच्या आसपासचे भाव आले आणि जाणकारांनीही भुवया उंचावल्या. खतासाठी, पोलादासाठी हायड्रोजनला खरं काम आहे. तिथे बॅटरी चालत नाही. पण लिलावातला भाव आणि टाकीतला अमोनिया यांत जी दोन-चार वर्षं जातात, ती तुमच्या कार्यकाळात येत नाहीत याची खात्री करून घ्या.

संशोधक मंडळी कधीतरी तुमच्या केबिनशी येतीलच. एकदा मी बैठकीच्या निमित्ताने अशाच एका प्रयोगशाळेत गेलो होतो, नाव नको. टेबलावर एक यंत्र, पुठ्ठ्याच्या वहीएवढं, दोन्ही बाजूंनी बोल्टांनी आवळलेलं. शेजारी पीएचडी करणारी मुलगी. मी विचारलं, “चालू का नाही?” तर म्हणाली, “सर, मेम्ब्रेन अडकलंय.” हे मेम्ब्रेन म्हणजे फ्युएल सेलचा जीव. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा, आणि मधल्या या पातळ पापुद्र्यातून फक्त प्रोटॉन पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो आणि तो वळसा म्हणजेच वीज. दिसायला अगदी साडीच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद. ओलावा राहिला तरच काम करतो. त्यावर प्लॅटिनम लागतं. असंच मेम्ब्रेन असलेल्या विघटनाच्या यंत्रात तर इरिडियम लागतं, जे जगात वर्षाला सात-आठ टनच निघतं आणि बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून.

तर ते मेम्ब्रेन अडकलं होतं, कारण खरेदी विभागाने तीन दरपत्रकं मागितली होती. हव्या त्या जातीचं मेम्ब्रेन बनवणारी कंपनी एक. मुलीने तसं प्रमाणपत्र जोडलं, तर शेरा आला, “दुसरा उत्पादक का नाही, याचे स्पष्टीकरण सादर करावे.” बिचारीने चार ओळींत स्पष्टीकरण लिहिलं. मी असतो तर एकच ओळ लिहिली असती: तो दुसरा उत्पादक होण्याचंच संशोधन आम्ही करतोय, साहेब, त्यासाठीच हे मेम्ब्रेन हवंय. माल आला तेव्हा कस्टमच्या गोदामात पडून सुकला होता. तिची फेलोशिपही चार महिने आलेली नव्हती, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. चहा मात्र तिनेच आणला, बीकरमध्ये नाही, कपात, एवढी सुधारणा झाली आहे. २०२५ मध्ये संशोधनाच्या खरेदीचे नियम सैल झाले म्हणतात. घाबरू नका. नियम सैल होतात, शेरे मारणारा हात सैल व्हायला पिढी जाते.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं त्या दिवशी मी इतिवृत्तात लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून ‘स्वदेशीकरणास वाव आहे’ असं केलं.

एक धोक्याची सूचना. कुठे काही खरोखर बनत असेल तर ते तुमच्या आराखड्यात येऊ देऊ नका, तुलना होते. अंबरनाथचं उदाहरण घ्या. शिवमंदिराचं आणि एकेकाळी काडेपेट्यांचं गाव. तिथे डीआरडीओची नौदलासाठी पदार्थसंशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. त्या लोकांनी पाणबुडीसाठी फ्युएल सेल केला, फॉस्फोरिक आम्लाचा. साध्या पाणबुडीला बॅटरी भरून घ्यायला डिझेल इंजिन चालवावं लागतं, त्याला हवा लागते, म्हणून ती वर येते आणि सापडते. फ्युएल सेल असला तर ती खूप जास्त काळ खाली दबा धरून राहू शकते. हायड्रोजनही बाहेरून भरून न्यायचा नाही, पाणबुडीतच तयार करायचा. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. झालं ना काम? आता नियोजन बघा. माझगाव डॉकमधून कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या निघाल्या, सहावी जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली, आणि सहाच्या सहा या यंत्रणेविनाच दाखल झाल्या. आता दुरुस्तीला येतील तेव्हा पोट कापून आत बसवायची. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, पाणबुडीमागून श्वास प्रथमच ऐकला.

त्यापेक्षा झेंडा दाखवणं सोपं. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांच्या फ्युएल सेल बसचं उद्घाटन झालं. बस अस्सल देशी तंत्रज्ञानाची, तिच्यामागे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनसीएलच्या, लोकांची कैक वर्षं. पण फोटोत झेंडाच जास्त दिसतो. त्याआधी मार्चमध्ये नितीन गडकरी हायड्रोजनच्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले. मिराईचा जपानी अर्थ ‘भविष्य’. भविष्यातून उतरून वर्तमानात जाता येतं हे सगळ्या देशाने पाहिलं. पंप कुठे आहे, असं मात्र त्या गाडीला कुणी विचारू नये.

समारंभात एखादा चौकस पत्रकार गणित मांडतोच. किलोभर हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट ऊर्जा. तो पाण्यातून काढायला ५० ते ५५ युनिट वीज. मग तो साठवायचा, तर वायू इतका हलका की दहा बाय दहाच्या खोलीत जेमतेम अडीच किलो मावतो. म्हणून ७०० पट दाबाखाली टाकीत कोंबायचा, त्यालाही वीज. शेवटी फ्युएल सेलमधून निम्मी-शिम्मी ऊर्जा परत, म्हणजे सतरा-अठरा युनिट. पन्नास घालून सतरा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तीच वीज बॅटरीत भरली असती तर बरीचशी चाकापर्यंत पोचली असती. या प्रश्नाचं उत्तर पाठ करून ठेवा: “कार्यक्षमता वाढवण्यावर संशोधन सुरू आहे.” कशाने सुरू आहे, असं त्याने विचारलं तर दोन पैशांचा हिशेब काढू नका, चहा मागवा.

आणखी एक, ‘व्हॅली’. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने हायड्रोजन व्हॅलीसाठी चार ठिकाणं निवडली: पुणे, जोधपूर, भुवनेश्वर आणि केरळ. व्हॅली म्हणजे खोरं. पुण्यात मुळा-मुठेचं आधीच आहे, त्यामुळे सोय झाली. जोधपूरला वाळवंटात खोरं कसं बसवलं ते तिथल्या मंडळींना विचारावं. किलो हायड्रोजनला कमीत कमी नऊ लिटर पाणी लागतं.

भुवनेश्वरवरून आठवलं. जे. बी. एस. हाल्डेन नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२३ मध्ये केंब्रिजला एका व्याख्यानात हीच योजना मांडली होती. देशभर धातूच्या पवनचक्क्यांच्या रांगा असतील, वारा जोरात असेल तेव्हा उरलेल्या विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढतील, द्रव करून साठवतील आणि वारा पडला की त्यातून पुन्हा वीज करतील. शंभर वर्षांपूर्वी! मिशनचा दस्तऐवज यापेक्षा पानांनी जास्त आहे, कल्पनेने नाही. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले, सरकारी संशोधनव्यवस्थेचा अनुभव घेतला. सीएसआयआर या आद्याक्षरांचा ‘स्वतंत्र संशोधन दडपणारी परिषद’ असा विस्तार त्यांनी केल्याचं सांगतात. १९६४ मध्ये ते भुवनेश्वरला वारले. आता त्याच गावात हायड्रोजनचं खोरं येतंय, पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या व्याख्यानात हाल्डेन यांनी या सगळ्याला मुदत दिली होती चारशे वर्षं.

२०३० जवळ आलं की मुदतवाढीचा प्रस्ताव तुम्हालाच लिहावा लागणार आहे, आणि वित्त विभाग पूर्वदाखला मागितल्याशिवाय राहणार नाही. हा जोडा. तेवीसशे तेवीस शून्यावर संपत नाही, तेवढं २३३० करून घ्या.